खैरनार सरांचा भविष्यकाळ

खैरनार सरांना शिकवताना खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं नसेल. वर्गात खुर्ची होती, पण तिच्यावर सरांचं हेल्मेट, डबा आणि पाण्याची बाटली अशी मंडळी बसायची. सर स्वतः फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीतून खाली नाशिकच्या द्वारका चौकावर एक नजर टाकून परत फळ्यापर्यंत, असे तासभर फिरत राहायचे. मी शेजारच्या खोलीत गणित शिकवायचे. मधे प्लायवूडची भिंत. त्यांच्या चपलांचा आवाज इतका सवयीचा झाला होता की मुलांना समीकरण घालून दिलं की मी नकळत तो ऐकत उभी राहायचे. चाल भरभर असेल तर वर्ग रंगलाय. खिडकीशी जास्त वेळ थांबले तर कुणीतरी तीच चूक परत केलीय.

आमचा क्लास ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावर होता. सरांकडे इंग्रजी शिकायला येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक नर्सिंग झालेल्या मुली असायच्या. सुरगाण्याच्या, पेठच्या, सटाण्याच्या. त्यांना परदेशात नोकरीला जायचं असायचं आणि त्याआधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागायची. सर त्यांना बोलायला शिकवायचे, लिहायला शिकवायचे, आणि त्यातून वेळ उरला की, न उरला तरी, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायचे. ती पुढे येईलच.

सर एकलहऱ्याच्या कॉलनीत वाढले. वडील वीजकेंद्रात पाळीवर होते. घरात कायम कुणीतरी कामावर निघालेलं, नाहीतर कामावरून आलेलं. सरांच्या पायाला भिंगरी तिथूनच लागली असावी. चहा ते उभ्यानं घ्यायचे, तोही अर्धा. बसला उशीर झाला तर थांब्यावर उभं राहण्यापेक्षा पुढच्या थांब्याकडे चालू लागायचे, आणि मधल्या वाटेत बस त्यांना मागे टाकून निघून जायची. हे त्यांच्या बाबतीत एकदा नाही, अनेकदा झालं. लग्नात ते अक्षता टाकल्या टाकल्या गायब व्हायचे. कुणी काही सांगायला लागलं की वाक्य अर्धं असतानाच त्यांचं सुरू व्हायचं, "बरं, मग? पुढं?" एका दुःखाच्या घरीही त्यांनी असंच विचारलं आणि मग स्वतःच इतके ओशाळले की पुढचे कितीतरी दिवस त्या घरी दूध पोचवायला जात होते. माणूस उद्धट नव्हता. त्याला फक्त थांबता येत नव्हतं.

आणि असा माणूस शिकवायचा काय, तर वाट बघण्याची वाक्यं.

एका दुपारी पलीकडून मला यमुनेचा आवाज ऐकू आला. यमुना सुरगाण्याकडची. अंगानं बारीक, पण प्रश्न विचारायला कधी न घाबरणारी. परीक्षेतल्यासारखं बोलून दाखवत होती, "व्हेन आय विल रीच देअर, आय विल कॉल माय मदर."

"एक विल काढ," सर म्हणाले.

"कुठलं?"

"पहिलं. व्हेनच्या मागे विल नाही. व्हेन आय रीच देअर, आय विल कॉल माय मदर."

"पण सर, मी अजून पोचलेय कुठे? पोचणार आहे. मग तिथं साधा वर्तमानकाळ कसा?"

चपलांचा आवाज खिडकीशी गेला आणि थांबला. मला वाटलं, झालं, आता मुलगी बोलणी खाणार. पण सर मोठ्यानं म्हणाले, "चला, सगळ्या खाली चला."

अख्खा वर्ग जिना उतरून चौकात. माझीही मुलं गॅलरीत गोळा झाली, मग मीही खाली गेले. द्वारकेला त्या वेळी गाड्यांचा नुसता लोंढा. ट्रक, रिक्षा, बस, मधूनच उसाची ट्रॉली. वाहतूक पोलीस हात वर करून उभा. सरांनी मुलींना रस्त्याच्या कडेला रांगेत उभं केलं.

"यमुना, आपण पलीकडे कधी जायचं?"

"पोलिसानं हात खाली केला की जायचं."

"केला की? केलाय का त्यांनी हात खाली?"

"नाही."

"मग 'केला' कसं म्हणालीस? करायचाय ना अजून? मग 'करतील की जाऊ' असं म्हण."

मुली हसायला लागल्या. एक जण म्हणाली, "सर, 'करतील की' म्हणजे 'करतीलच, काळजी कशाला' असं होतं."

"बरोब्बर!" सर दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे करत होते. एक रिक्षा त्यांना चाटून गेली. "म्हणजे तुमची स्वतःची भाषा काय करते? अजून न झालेल्या गोष्टीला झाली म्हणते. आला की, मिळाली की, उतरला की. त्यात तुम्हाला काही खटकत नाही. इंग्रजी बिचारी नुसतं 'करतो' म्हणते, तर लगेच तुमची तक्रार. पुढं होणार आहे हे वाक्यात एकदा सांगितलं ना? बास झालं. विल एकदाच!"

तेवढ्यात पोलिसाचं लक्ष गेलं. "काय हो सर, मोर्चा आहे का?"

"नाही साहेब, व्याकरण आहे."

पोलिसानं हात खाली केला आणि सगळ्या जणी सरांच्या मागून रस्ता ओलांडून गेल्या. ओलांडून काय करायचं हे सरांनी ठरवलं नव्हतं. मग सगळ्यांना उसाचा रस पाजून परत आणलं.

पण यमुना तेवढ्यावर गप्प बसणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती पुस्तकच घेऊन आली. "सर, इथे बघा. 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम.' इथे व्हेनच्या मागे विल आहे."

त्या दिवशी चपला खूप वेळ चालत होत्या. मग फळ्यावर खडू चरचरला. सरांनी तीन मराठी शब्द लिहिले होते. मी नंतर जाऊन पाहिले. कधी. की. तर.

"व्हेनचं मराठी 'कधी' होत असेल तर विल येऊ दे. तो कधी येईल मला माहीत नाही. कारण 'कधी' म्हणणारा अजून विचारतोय. 'की' होत असेल तर विल नाही. तो आला की सांगते. 'की' म्हणणाऱ्यानं मनात धरलंय की हे होणार, फक्त वेळ यायचीय. आणि 'तर' म्हणणाऱ्याला होईल का नाही तेच ठाऊक नाही. तिथं व्हेन नाहीच. तिथं इफ." मग म्हणाले, "माणूस कुठल्या शब्दावर उभा आहे ते आधी बघायचं. काळ आपोआप कळतो."

यमुना पास झाली आणि परदेशात गेली. तिथून तिनं सरांना आवाजी निरोप पाठवला होता. तो त्यांनी मला पुन्हा पुन्हा ऐकवला. ती काय म्हणतेय यापेक्षा तिनं विल कुठे घातलंय याचाच त्यांना आनंद होता.

या बाबतीत ते कुणाचं ऐकून घेत नसत. एकदा क्लासच्या मालकांनी सराव परीक्षेच्या प्रश्नपत्रिका कुठूनतरी छापून आणल्या. त्यातल्या एका उत्तरात व्हेनच्या मागे नको तिथे विल होतं. सर जिन्यात उभे राहिले आणि वर येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या हातातून प्रश्नपत्रिका काढून घेऊ लागले. मालक धावत आले.

"अहो सर, एका विलनं काय बिघडतं? समोरच्याला समजतंच की!"

"समजतं ना? मग क्लास बंद करू. फळ्यावर लिहून टाकू, समोरच्याला समजतं."

मालक पुन्हा छापून आणेपर्यंत सर जिन्यातून हलले नाहीत. म्हणजे त्याच जिन्यात वरखाली करत राहिले.

घरी काय चाललंय ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ठरावीक दिवशी दुपारी सर घाईनं निघून जायचे, एवढंच दिसायचं. मग एकदा त्यांची स्कूटर बंद पडली आणि ते माझ्या वर्गाच्या दारात आले. "मॅडम, गाडी आणलीय का आज? मिसेसला न्यायचंय. डायलिसिसला."

जेलरोडला त्यांच्या घराखाली शैला वहिनी उभ्या होत्या. शाळेत ग्रंथपाल होत्या. ठेंगण्या, शांत, हातात एक शाल आणि वाचायला पुस्तक. रस्त्याला गर्दी होती. सर माझ्या शेजारी बसून समोरच्या प्रत्येक गाडीला उद्देशून "चल ना, पुढं, पुढं" करत होते. मागून वहिनी म्हणाल्या, "तुम्ही लक्ष देऊ नका हो. स्वतः चालवतानाही असंच असतं."

त्यानंतर पुष्कळदा मी त्यांना सोडायला गेले. वहिनींच्या किडन्या काम करेनाशा झाल्या होत्या. सर आपली द्यायला तयार होते. सगळ्या तपासण्याही करून झाल्या होत्या. "सगळं उत्तम आलं मॅडम," ते म्हणाले, "फक्त रक्तगट जुळला नाही." हे सांगतानाही ते चालत होते. वहिनींचं नाव प्रतीक्षा यादीत होतं. कुणाच्या तरी घरी दुर्दैवानं माणूस जाणार, त्या घरचे अवयव द्यायला हो म्हणणार, आणि मग हॉस्पिटलचा फोन येणार. वर्गात कधी फोन न घेणारे सर आता फोन शर्टाच्या खिशात ठेवायला लागले होते, आवाज पूर्ण चढवून. फोन वाजला की शिकवता शिकवता त्यांचा हात छातीशी जायचा. बहुतेक वेळा कुणीतरी कर्ज हवंय का विचारत असायचं.

डायलिसिसला तास न् तास लागायचे. बरोबर आलेली माणसं कुणी बाजारात जायची, कुणी खाली जाऊन झोप काढायची. सर त्या लांब बोळातून चालत राहायचे. वहिनी कधी डॉक्टरांना विचारायच्या, "मिळेल कधी, काही अंदाज?" डॉक्टर नुसते मान हलवायचे. सर काचेपलीकडून ते बघायचे आणि पुन्हा चालू लागायचे.

वहिनींच्या शेजारच्या खाटेवर देवळ्याकडचे पुंडलिक आहेर असायचे. कांद्याची मोठी शेती, मोठा आवाज, मोठं हसणं. त्यांची बायको मीराबाई त्यांच्या उशाशी बसलेली असायची. तिचीही किडनी नवऱ्याला जुळत नव्हती. मग एक दिवस डॉक्टरांनी चौघांना बोलावलं. मीराबाईंची किडनी वहिनींना जुळत होती आणि सरांची आहेरांना. दोन्ही घरांनी अदलाबदल करायची. कायद्यानं तशी मुभा होती, पण परवानगी घ्यावी लागणार होती, आणि चारही ऑपरेशनं एकाच वेळी व्हायला हवी होती.

"एकाच वेळी का?" आहेरांनी विचारलं.

"म्हणजे कुणी मागे फिरायला नको," डॉक्टर म्हणाले.

आहेरांनी सांगितलं, घरी विचारावं लागेल. म्हणून सर आणि वहिनी देवळ्याला निघाले. गाडी माझी होती म्हणून मीही.

अंगणाच्या दोन्ही बाजूंना कांदे साठवायच्या चाळी, भरलेल्या. हवेत कांद्याचा उग्र गोडसर वास. पडवीत आहेरांची म्हातारी आई, मीराबाईंचा भाऊ संपत आणि दोनचार भाऊबंद. आम्हाला सतरंजीवर बसवलं. सर बसले, पाणी प्यायले आणि उठले. चाळीपर्यंत जाऊन कांदे बघून आले. चहा आला तो त्यांनी उभ्यानं घेतला, अर्धा ठेवला आणि परत अंगणात गेले.

म्हातारी म्हणाली, "बस ना भाऊ, काय घाई शे तुले?"

"बसतो आई," असं म्हणून सर बसले नाहीत.

संपत हे सगळं बघत होता. गडी रांगडा, डोळे बारीक करून बोलणारा. सरळ मलाच म्हणाला, "मॅडम, तुमी शिकलेल्या हाय म्हनून इचारतो. आमच्या मीराची काढून घेतली, आन ऐन टायमाला हे सर उठून गेले तर? मानूस पाच मिनिटं एका जागी बसत नाय. हा टेबलावर काय झोपनार?"

सर अंगणाच्या मधोमध थांबले. त्यांनी ऐकलं होतं. वर्गात शब्दाला शब्द लावणारा माणूस, पण त्या वेळी नुसता हात वर करून उभा राहिला. वहिनी शालीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"मी येईन," सर शेवटी म्हणाले. "तुम्ही आलात की..." आणि तिथंच अडले.

"आमी आलो की तुमी येनार," संपत म्हणाला. "आन तुमी आले की आमी येनार. आधी कोन?"

तेव्हा आतून मीराबाई आल्या. तोपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. पदरानं हात पुसत दारात उभ्या राहिल्या आणि भावाला म्हणाल्या, "दादा, मी त्या दवाखान्यात किती दिसापासून जाते. सगळ्यांचे नवरे बघितले. कोनी चहाला जातं, कोनी बाजारात जातं, कोनी गाडीत जाऊन झोपतं. हे सर बसत नाय, खरं हाय. त्या बोळात नुसते चालत्यात. पन कुटं जात नाय. एक दिवस बी नाय गेले." मग सरांकडे न बघता म्हणाल्या, "मी देनार."

आहेर डोळे मिटून बसले होते. सर वळले आणि चाळीच्या मागे निघून गेले. बराच वेळ आलेच नाहीत. परत आले तेव्हा त्यांनी राहिलेला अर्धा चहा मागून घेतला आणि म्हातारीच्या शेजारी बसून प्यायला. गार झाला होता.

परवानगीला वेळ लागला. समितीसमोर चौघांना पुन्हा पुन्हा जावं लागलं. शेवटी तारीख मिळाली, आणि ती तोंडावर आली असताना मीराबाईंना टायफॉईड झाला. डॉक्टरांनी सांगितलं, पूर्ण बरं वाटेपर्यंत काही नाही. कधी, ते आत्ता सांगता येणार नाही.

ते दिवस वाईट होते. वहिनींना जिना चढवेना. पाय सुजायचे, बोलताना धाप लागायची. सर वर्गात यायचे, शिकवायचे, पण तो एक धडा त्यांनी त्या दिवसांत काढला नाही. मुलींनी मुद्दाम चूक केली तरी नुसतं दुरुस्त करून पुढे जायचे. चपलांचा आवाज थांबत नव्हता. माझी मुलं म्हणायची, मॅडम, सरांना सांगा ना जरा.

आणि एका सकाळी तो आवाज थांबला. आधी फोन वाजला होता. मी खडू हातात घेऊन तशीच उभी. पलीकडून फक्त "हो... हो... हो" ऐकू आलं. मग सर माझ्या दारात. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, आला."

"काय?"

"यादीतला फोन. शैलाचा नंबर लागलाय. तासाभरात कळवायचंय. चला, गाडी काढा."

जेलरोडपर्यंत आम्ही कसे पोचलो ते मला नीट आठवत नाही. या खेपेला सर कुठल्याच गाडीला पुढे चल म्हणाले नाहीत. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर बसून मेथी निवडत होत्या.

"शैला, ऊठ. फोन आलाय. मिळतेय. चल."

वहिनींनी हातातली जुडी खाली ठेवली. उठल्या नाहीत. "आणि आहेर?"

"त्यांचं बघू नंतर."

"काय बघणार? मला ही मिळाली की मीराबाईंची मला नको. मग तुमची त्यांना कोण देऊ देईल? तुम्ही त्यांचे कोण? डॉक्टरांनी सांगितलंय ना, अदलाबदल असेल तरच."

"अगं, पण इतके दिवस आपण याच फोनची वाट बघत होतो ना?" सर खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला जात होते. खोली लहान. दर तीन-चार पावलांनी त्यांना वळावं लागत होतं. "तुझी अवस्था बघ. मी काय बघत बसू नुसता?"

"मीराबाईंचा ताप उतरला की आपण चौघं जाऊ."

"आणि नाही उतरला तर?"

"तुम्ही पोरींना काय शिकवता?" वहिनींना धाप लागत होती, तरी त्या एकेक शब्द सुटा करून बोलल्या. "'की' वेगळं आणि 'तर' वेगळं. मी 'की' म्हणाले."

"शैला, ते व्याकरण आहे!"

"मग रोज घसा फोडून शिकवता कशाला?"

सर थांबले. मग हळूहळू खाली, वहिनींच्या खुर्चीजवळ फरशीवर बसले. मेथीची पानं पसरली होती त्यातच. डोकं गुडघ्यांवर ठेवलं. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं सरांनीच फोन लावला. आवाज अगदी सरळ होता. "नाही म्हणून लिहा. जिवंत दाता ठरलाय आमचा. हो, विचार केलाय. यादीत पुढं जे कोण असतील त्यांना द्या. उशीर करू नका, त्यांना लगेच कळवा." फोन ठेवला, उठले आणि चपला घालून खाली गेले. गॅलरीतून मला ते दिसत होते. इमारतीला फेऱ्या मारत होते, एकामागून एक.

वहिनींनी मला जवळ बोलावलं. "मलाही भीती वाटते हो. पण ती मी दाखवली असती तर ते मला उचलून घेऊन गेले असते." मग म्हणाल्या, "आहेरांना यातलं कळता कामा नये. मीराबाई तापात उठून बसेल."

त्यांना ते कळलं नाही. माझ्या माहितीप्रमाणे अजूनही कळलेलं नाही.

ताप उतरला. उतरून पुन्हा चढला, मग खरंच उतरला. या सगळ्या दिवसांत सर रोज सकाळी देवळ्याला फोन करायचे. तापाचा आकडा विचारायचे, मीराबाईंनी काय खाल्लं ते विचारायचे, आणि फोन ठेवल्यावर वहिनींना सांगायचे. एकदा संपतनं त्यांना म्हटलं, "सर, रोज नका करू फोन. तुमचा फोन आला की तिला वाटतं आपन अजून आजारीच हाय." सरांनी मग एक दिवस फोन केला नाही, तर दुपारी मीराबाईंचाच आला, की सर बरे आहेत ना.

शेवटी चौघांना एकाच सकाळी आत घेतलं. सरांना आणि मीराबाईंना आधी. सर ढकलगाडीवर, हिरव्या कपड्यात, आडवे. त्यांना तसं बघायची सवय नसल्यामुळे ते मला कुणी दुसरेच वाटले. बोळात संपत होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत होता, पायताण वाजवत. ढकलगाडी त्याच्याजवळून जाताना सरांनी मान वळवली.

"संपतभाऊ, बसा जरा."

संपतला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

वहिनींना मिळालेल्या किडनीनं टेबलावरच काम सुरू केलं. डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले. सरांची किडनी मात्र आहेरांच्या पोटात, खालच्या बाजूला बसवलेली, गप्प होती. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. डॉक्टर म्हणायचे, असं होतं कधी कधी, ती जागी व्हायला वेळ घेते. सर आपल्या खाटेवरून उठायला लागले तेव्हा पोटाला हात धरून, सलाईनचा खांब ढकलत, पहिले गेले ते आहेरांच्या काचेपाशी. नर्स ओरडली. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी होती, त्यामुळे जास्तच ओरडली. तरी ते तिथं उभे. आत आहेर पडलेले, बाहेर सर. "माझीच आहे ना," ते मला म्हणाले. "हिला थांबायचं कसं ते कधी शिकवलंच नाही. आता एवढी का थांबलीय?"

पुढे काही दिवसांनी ती चालू झाली. आहेरांच्या म्हातारीनं अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटले आणि डॉक्टरांनी अख्ख्या वॉर्डाला ते खाऊ नका म्हणून सांगितलं.

सर पुन्हा क्लासमध्ये आले तेव्हा चपलांचा आवाज मंद झाला होता, पण होता. मधून मधून कुशीला हात लावायचे. तो धडा त्यांनी परत सुरू केला. मुली बदलत गेल्या, चूक तीच राहिली. पुढे मालकांनी सगळं शिकवणं मोबाईलवर नेलं आणि वरच्या खोल्या सोडून दिल्या. सरांना कॅमेऱ्यासमोर बसून शिकवणं जमण्यासारखं नव्हतंच. ते त्याच आठवड्यात बाहेर पडले. आहेरांनी देवळ्याला गावातली एक खोली मिळवून दिली. तालुक्यातल्या नर्सिंगच्या मुली तिथे यायला लागल्या. वहिनी आठवड्यातले काही दिवस तिकडेच मीराबाईंकडे राहायच्या. दोघींचं फोनवर काय बोलणं चालायचं ते त्या दोघींनाच माहीत. आहेर सरांना नावानं, "विलासभाऊ" म्हणायला लागले होते आणि सरांशी वाद घालताना आवाज अजिबात कमी करत नव्हते.

मी मुलाकडे पुण्याला जाणार होते. सामान बांधून झालं होतं. शेवटची काही कामं उरकायला द्वारकेला गेले होते आणि रिक्षा मिळेना म्हणून कडेला उभी होते. समोरून मोटरसायकल आली. आहेर चालवत होते, मागे सर. आहेरांनी मला आधी पाहिलं आणि गर्दीच्या डोक्यावरून ओरडले, "मॅडम! चला ना देवळ्याला! कांदे काढनं चालू हाय!"

सरांनी हात वर केला, डावा. उजवा त्यांनी आहेरांच्या पोटावर खालच्या बाजूला, पट्ट्याच्या जरा वर, पंजा पूर्ण पसरून ठेवला होता. आईनं स्कूटरवर पुढ्यातल्या पोराला धरावं तसा. काहीतरी विचारत होते मला, बहुतेक कधी निघताय म्हणून. आवाज पोचला नाही. मागच्या बसनं हॉर्न दिला आणि आहेरांनी गाडी देवळ्याकडे, आडगावच्या दिशेला काढली. थोडं पुढे रस्ता उखडलेला होता. सरांनी आहेरांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं, गाडीचा वेग कमी झाला, आणि खड्ड्यातून ते दोघं अगदी सावकाश पलीकडे गेले.